कुंग पाओ चिकनचं नाव का बदललं?

आजचा विषय कुंग पाओ चिकन. गाडीवरचं लालभडक चायनीज नाही हं, चीनच्या सिचुआन प्रांतात घरोघरी होतं ते.

'कुंग पाओ' ही छिंग राजवटीतली मानाची पदवी. ती होती दिंग बाओचेन (१८२०–१८८६) या अधिकाऱ्याकडे. मूळचे ते क्वेइचौ प्रांतातले. शानदोंगचे गव्हर्नर असताना, १८६९ मध्ये, त्यांनी राजमाता त्सिशीच्या लाडक्या खोजाला पकडून थेट मृत्युदंड दिला. माणूस एवढा कडक! पुढे १८७६ पासून ते सिचुआनचे गव्हर्नर-जनरल झाले. म्हणून ही डिश आमचीच, असं तिन्ही प्रांत आजही म्हणतात.

मग १९६६ मध्ये माओंची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. राजेशाहीतल्या अधिकाऱ्याचं नाव मेनूवर कसं चालणार? डिशला 'झटपट परतलेले चिकनचे तुकडे' असं साधंसुधं नाव मिळालं. जुनं नाव परत यायला १९८० चं दशक उजाडलं. म्हणजे फाइल रिनेम झाली, आतला कोड तोच राहिला.

तो कोड काय? कोंबडीच्या मांडीच्या मांसाचे छोटे चौकोनी तुकडे घ्या. सोया सॉस, तांदळाची वाइन आणि कॉर्नफ्लॉर लावून पंधरा मिनिटं ठेवा. वाटीत व्हिनेगर, साखर आणि सोया सॉस कालवून ठेवा. तेल चांगलं तापलं की सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरी टाका, पण करपू देऊ नका. लगेच चिकन, मग आलं, लसूण, कांद्याची पात. शेवटी वाटीतला सॉस आणि तळलेले शेंगदाणे.

ती जिभेला झिणझिण्या आणणारी मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण. आणि मिरची, शेंगदाणे? दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. चीनमध्ये मिरचीची नोंद सापडते ती १५९१ सालची. आपल्याकडेही दोन्ही समुद्रापलीकडूनच आले.

तर या 'पारंपरिक' डिशमध्ये परदेशी माल आहे आणि तिचं नाव राजकारणाने पुसून परत दिलंय. टिकली ती रोजच्या कढईमुळे. या रविवारी करून बघा, आणि जेवताना घरच्यांना दिंगसाहेबांची गोष्ट नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!