मुरघासातला अमोनिया : रिपोर्ट पास, बॅग नापास

मागच्या आठवड्यात एका मित्रानं मुरघासाचा रिपोर्ट पाठवला. "प्रथिनं ८ टक्के हायेत, माल चांगला ना?" बॅग उघडली की नाकाला झोंबणारा वास, म्हैस तोंड लावंना, आणि कागद मात्र पास! हे कसं होतं ते कळायला जरा मागं जावं लागतं.

आपल्या लातूर-नांदेडात मुरघास काही जुना नाही. देवणी अन् लाल कंधारी ही जनावरं ज्वारीच्या कडब्यावर वाढली. वाळलेला कडबा, बणीम नीट रचली की झालं. त्याला प्रयोगशाळा कशाला लागते? पुढं सोयाबीन आलं, ज्वारी मागं सरली, कडब्याचे भाव चढले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा चाऱ्याची काय गत होती ते सांगायला नको. अशा वर्षांनीच आपल्याला मक्याच्या खड्ड्याकडं आणि बॅगांकडं वळवलं. ओला चारा साठवायला लागलो, आणि सडायची भीती तिथूनच सुरू झाली.

फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार यानं मक्याच्या मुरघासावर १८७७ मध्ये पुस्तक काढलं होतं. पण त्यात नत्राचं काय होतं हे मोजायची सोपी रीत आली १८८३ मध्ये, आणि तीही बिअरच्या कारखान्यातून! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याला जवातलं प्रथिन मोजायचं होतं. त्यानं नमुना तीव्र गंधकाम्लात उकळला, सगळं नत्र अमोनियाच्या रूपात आणलं आणि ते मोजलं. आजही आपल्या पेंडीचं, चाऱ्याचं प्रथिन याच रीतीनं काढतात : नत्र गुणिले ६.२५.

गोम इथंच आहे. या रीतीत खरं प्रथिन आणि सडून झालेला अमोनिया एकाच पोत्यात भरले जातात. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हीच पळवाट वापरली गेली. नत्र वाढलं की प्रथिन वाढल्यासारखं दिसतं. मुरघासात तर कुणी काही मिसळायचीही गरज नाही, बिघडलेला मालच कागदावर बरा दिसतो.

फिनलंडच्या आर्तुरी इल्मारी विर्तानेन यानं या सडण्यावरच घाव घातला. तिथला हिवाळा म्हणजे आपला मे महिना समजा, रानात हिरवं काडी नाही. चाऱ्यावर सौम्य केलेलं मीठाचं आणि गंधकाचं आम्ल टाकून त्यानं सामू ४ च्या खाली आणला, म्हणजे प्रथिन फोडणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. (आपण आम्ल टाकायच्या भानगडीत पडू नये. मका चिकातून पिठात येताना कापला, बारीक कुट्टी केली आणि हवा दाबून काढली की आम्ल आपोआप तयार होतं.)

म्हणून अमोनियातलं नत्र वेगळं मोजतात. ओल्या नमुन्याचा पाण्यात अर्क काढतात, मॅग्नेशियम ऑक्साईड घालून ऊर्ध्वपातन करतात, निघालेला अमोनिया बोरिक आम्लात धरून मोजतात. एकूण नत्राच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर मुरघास चांगला, १५ च्या वर गेला तर बिघडलेला. मित्राच्या रिपोर्टात ८ टक्के प्रथिन, म्हणजे १.२८ टक्के नत्र. त्यातलं ०.१० अमोनियाचं असतं तर हिशेब ८ टक्क्यांच्या आत बसला असता, ०.२६ असेल तर २० टक्के! पहिल्या पानावर आकडा तोच ८. आणि मुरघास भरताना युरिया टाकला असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर अमोनिया वाढलेला दिसून चांगला मालही बाद ठरेल.

उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असो की परभणी, नमुना द्यायच्या आधी विचारा की अमोनिया नायट्रोजन वेगळा काढून मिळेल का. अर्धा-एक किलो नमुना चार-पाच जागांहून, आतून घ्या. पिशवीतली हवा पूर्ण काढा, बर्फात ठेवूनच न्या. उन्हात वाळवून नेला तर अमोनिया वाटेतच उडून जातो आणि सडका मुरघासही पास होतो. मित्रानं नेमकं तेच केलं होतं, नमुना आधी वाळवलेला. आता दुसरी बॅग फोडून परत पाठवतोय. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.