घरच्या संगणकाचं कुलूप

दुरुस्तीला आलेल्या जुन्या लॅपटॉपचे स्क्रू काढून मी हार्ड डिस्क बाहेर घेतो, अडॅप्टरने माझ्या संगणकाला जोडतो, आणि मालकाच्या फायली समोर येतात. पॅनकार्डाचं स्कॅन, सातबारा, बँकेचे उतारे, मुलांचे फोटो. लॅपटॉप सुरू होताना मागितला जाणारा पासवर्ड इथे आडवा येत नाही, कारण तो विंडोज विचारतं, डिस्क नाही. साताऱ्यातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला समोर बसवून मी हे मुद्दाम दाखवतो. फायली खरोखर बंद करायच्या, तर त्यांतला मजकूरच गणिताने असा बदलावा लागतो की किल्लीवाचून तो निव्वळ निरर्थक दिसावा. हे एन्क्रिप्शन आज फुकट मिळतं. पण सामान्य माणसाच्या हाती ते सहजासहजी आलेलं नाही, आणि त्यामागचा झगडा कळला की ते वापरायचं कसं, हेही आपोआप कळतं.

या झगड्याचं मूळ सूत्र संगणकाच्या कितीतरी आधीचं. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावरच्या लेखात मांडलं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. सारी सुरक्षा किल्लीत असावी. पुढच्या प्रत्येक वादाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या होर्स्ट फायस्टेल यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये इशारा दिला, की संगणकात साठणारी माणसांची खाजगी माहिती उघडी पडणार आहे. त्यांच्याच कामातून उभी राहिलेली ‘डीईएस’ ही पद्धत १९७७ साली अमेरिकी सरकारने प्रमाण मानली. पद्धत छापून जाहीर झाली, पण ती तशीच का बनवली, हे गुलदस्त्यात राहिलं. फायस्टेल यांच्या आधीच्या आराखड्यात १२८ बिटांची किल्ली होती. इथे ती ५६ वर, म्हणजे शोधून काढायला कितीतरी सोपी, आली, आणि या घडामोडीत अमेरिकेच्या हेरगिरी संस्थेचा, एनएसएचा, हात होता. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी त्याच वर्षी हिशेब मांडला, की २ कोटी डॉलरचं यंत्र बांधलं तर ही किल्ली दिवसभरात सापडेल. सरकारी तज्ज्ञांनी तो मानला नाही. १९९८ च्या जुलैमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने अडीच लाख डॉलरहून कमी खर्चात असं यंत्र खरोखर बांधलं आणि ५६ तासांत किल्ली काढून दाखवली.

दरम्यान फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९९१ साली ‘पीजीपी’ हा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम लिहून फुकट वाटून टाकला. घरच्या संगणकावर भक्कम कुलूप आलं ते तेव्हापासून. पण अमेरिकेच्या कायद्यात अशी सॉफ्टवेअर शस्त्रास्त्रांत मोडत आणि परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणं गुन्हा ठरे. झिमरमन यांच्यामागे तीन वर्षं फौजदारी चौकशी लागली. १९९६ च्या जानेवारीत ती खटल्याविना बंद झाली. याच काळात एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा प्रोग्राम पुस्तकरूपाने छापला, कारण पुस्तकाच्या निर्यातीवर बंदी नव्हती. पुढच्या आवृत्तीची छापील हजारो पानं युरोपात नेऊन स्कॅन केली गेली. स्कॅन करताना एखादं अक्षर चुकलं तर लगेच ध्यानात यावं, म्हणून प्रत्येक ओळीला पडताळणीचे आकडे जोडले होते. माझ्या धंद्याच्या इतिहासात यापेक्षा जिद्दीचं काम मला माहीत नाही.

त्या निर्बंधाची झळ आपल्यालाही लागत होती. अमेरिकेबाहेर विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ली साधारण ४० बिटांचीच चाले. वर्ड ९७ मध्ये पासवर्ड घातलेली फाइल याच मापाची. १९९७ च्या जानेवारीत बर्कलीतल्या इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे २५० संगणक जुंपून ४० बिटांची किल्ली साडेतीन तासांत शोधली. आता तर एकटा संगणकही ते काम करतो. सन २००० मध्ये निर्बंध सैल झाले.

डीईएसच्या जागी नवी पद्धत निवडताना मात्र अमेरिकेने जगाला खुलं आवाहन केलं. पंधरा प्रस्ताव पात्र ठरले. जगभरच्या जाणकारांनी ते जाहीरपणे तोडून पाहिले आणि योआन डामन व विन्सेंट रायमेन या बेल्जियन जोडीची रचना जिंकली. २००१ साली ती ‘एईएस’ नावाने प्रमाण ठरली. केर्कहॉफ्स यांचं सूत्र इथे पुरतं अमलात आलं.

२००४ साली ‘ट्रूक्रिप्ट’ आलं. एक फाइल बनवायची, पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, बंद केली की आत काय आहे याचा मागमूस नाही. २००८ साली ब्राझीलच्या पोलिसांनी एका बँकरच्या घरातून अशा कुलूपबंद डिस्क जप्त केल्या. त्या कारवाईचं नाव चक्क ‘सत्याग्रह’ होतं. तिथल्या तज्ज्ञांनी पाच महिने आणि एफबीआयने वर्षभर प्रयत्न केले, डिस्क उघडल्या नाहीत. २०१४ च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्टच्या निनावी कर्त्यांनी ते अचानक बंद केलं. लोकवर्गणीतून त्याची तपासणी सुरू होती. ती २०१५ साली पुरी झाली आणि मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली नाही. त्यावरूनच बनलेलं ‘व्हेराक्रिप्ट’ मी आज गिऱ्हाइकांना घालून देतो. ते किल्ली घडवताना माउस हवा तसा फिरवायला सांगतं, कारण त्या वेड्यावाकड्या हालचालींतून अंदाज न करता येणारे आकडे मिळतात. गिऱ्हाईक स्वतः माउस फिरवतं तेव्हा हे कुलूप आपलं आहे, हे त्याला पटतं.

हा झगडा आपल्याकडेही पोचला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारच्या एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात, एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत नागरिकांनी ९० दिवस जपावी, असं कलम होतं. गदारोळ झाला आणि मसुदा मागे घेतला गेला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण मूलभूत हक्क ठरवलं.

आज बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदललं की विंडोजचं हे कुलूप, म्हणजे बिटलॉकर, ४८ आकडी किल्ली मागतं. ती नसेल तर मीच काय, कोणीच काही करू शकत नाही. फोटो गेले ते गेले. म्हणून माझं प्रत्येकाला सांगणं असतं: ही किल्ली कागदावर लिहा, घराच्या दस्तऐवजांत ठेवा, घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगा, आणि फायलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, तीही कुलपात, ठेवा. कुलूप भक्कम करण्याचं काम शंभराहून अधिक वर्षांत अनेकांनी केलं, त्यासाठी काहींनी तुरुंगाचा धोकाही पत्करला. किल्ली जपण्याचं काम आपलं आहे आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.