हलशीचे ताम्रपट आणि घरची हार्ड डिस्क

बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले: कडीत ओवलेले पत्रे, वर राजमुद्रा. तांब्याने मजकूर दीड हजार वर्षं टिकवला खरा. पण तो सर्वांचा झाला पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी वाचून छापल्यावरच. उलट, याच सीमाभागात मोडी लिपीतले कागद शाबूत आहेत, वाचणारे विरळ. नुसतं टिकणं पुरत नाही, वाचता यायला हवं. म्हणून घरच्या हार्ड डिस्कसाठी बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच: उद्या ते बंद पडलं तर फायली उघडतील का? क्लाउड असताना ही उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. पण नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेली फाईल तिथूनही जाते. एक प्रत साध्या फायलींच्या रूपात बाहेरच्या डिस्कवर, दुसरी परगावच्या नातलगाकडे ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहा.