दोघांची नौका

सुकाणू ज्याच्या हाती त्याला भट्टीकडे पाहता येत नाही आणि भट्टी ज्याच्या हवाली त्याला समुद्र दिसत नाही, ही वाफेवर चालणाऱ्या लहान नौकेची मूळचीच अडचण होती. आणि तिच्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडात स्वतःची यंत्रनौका बाळगणे हा आगवाले, खलाशी आणि तांडेल पदरी ठेवू शकणाऱ्या श्रीमंतांचाच विलास होऊन राहिला. शिवाय नौकेचा मधला, सर्वांत रुंद आणि लाटांवर सर्वांत कमी हेलकावणारा भाग बॉयलर आणि कोळशाच्या कोठ्या व्यापून टाकीत, व मालकाच्या वाट्याला टोकाकडचे अरुंद खण येत. पेट्रोल व रॉकेल यांवर चालणारी यंत्रे विश्वासार्ह झाली तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदमच पालटल्या: आगवाल्याची गरज उरली नाही आणि मधली जागा माणसांसाठी मोकळी झाली. पतिपत्नींनी परक्या चाकराविना दूरच्या बंदरापर्यंत जावे, वाटेत नांगर टाकून आपल्याच भटारखान्यात रांधावे आणि आपल्याच बिछान्यावर निजावे, ही मोटर क्रूझरची कल्पना या बदलातून जन्मली, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत मध्यम प्राप्तीच्या कुटुंबांतही ती रुजली.

नवी नौका बांधवून घेण्याची ऐपत मात्र सर्वांची नव्हती. आरमाराने मोडीत काढलेली होडकी विकत घेऊन त्यांची घरे करण्याचा प्रघात त्यामुळे वाढला. या प्रघाताचे माझ्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण म्हणजे चार्ल्स लाइटोलर आणि त्यांच्या पत्नी सिल्व्हिया यांनी 1929 साली केलेली निवड होय. लाइटोलर वयाच्या तेराव्या वर्षी शिडाच्या जहाजावर उमेदवारीला लागले होते, आणि टायटॅनिकच्या बचावलेल्या अधिकाऱ्यांत तेच सर्वांत ज्येष्ठ होते. समुद्राने इतके दाखविल्यावर कोणी किनाऱ्यावरच स्वस्थ बसला असता तर त्याला दोष देता आला नसता; पण पन्नाशी उलटलेल्या लाइटोलरांनी पत्नीसह आरमाराची एक जुनी वाफेची पिनेस पसंत केली. टायटॅनिक बुडाली त्याच 1912 साली ती बांधली गेली होती.

या पसंतीतले शहाणपण नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. पिनेस हे युद्धनौकांच्या दिमतीचे होडके. माणसे व सामान घेऊन उघड्या समुद्रात, वाईट हवेत, कोणत्याही प्रहरी ये-जा करणे हेच त्याचे काम, आणि म्हणून त्याचा सांगाडा मजबूत व बांधा समुद्राला तोंड देणारा असे. सजावट, खिडक्या, गाद्या, दिवे या गोष्टी पाहिजे तेव्हा बदलता येतात. बूड बदलता येत नाही. नौका घेणारी जोडपी आजही पुष्कळदा प्रथम दिवाणखाना पाहतात आणि शेवटी बूड, याचे मला वाईट वाटते. जुने होडके घ्यायचे तर दुरुस्तीचा खर्च डोक्यावर बसतो हे खरे, आणि 58 फुटांची लांबी दोघांना धक्क्याला लावताना जड पडते हेही खरे. पण लाइटोलरांच्या हाताला जहाजांची सवय होती, आणि प्रत्येकाने आपल्या हातांची शक्ती ओळखूनच लांबी ठरवावी हे उत्तम. बॉयलर निघाला, मोटर बसली, राहण्याचे खण सजले आणि 1930 च्या उन्हाळ्यात ती पाण्यात उतरली. सिल्व्हियांनी तिचे नाव ‘सनडाउनर’ ठेवले.

पुढील दहा वर्षे हे कुटुंब तिच्यातून उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर हिंडले. 1939 च्या जुलैमध्ये आरमार खात्याच्या विनंतीवरून त्यांनी सहलीला निघालेल्या वृद्ध जोडप्याच्या मिषाने जर्मन किनाऱ्याची पाहणीही केली. मोटर क्रूझर ही दोघांच्या विरंगुळ्याची वस्तू म्हणून सर्वांच्या परिचयाची झाली नसती, तर हे मिष कोणाला खरे वाटले असते?

1940 च्या मेअखेर डंकर्कला अडकलेल्या सैन्यासाठी लहान नौका मागविण्याचा हुकूम सुटला, तेव्हा नौका आरमाराच्या माणसांच्या स्वाधीन करण्यास सहासष्ट वर्षांच्या लाइटोलरांनी नकार दिला आणि आपणच ती नेऊ असे कळविले. 1 जून रोजी सकाळी थोरला मुलगा रॉजर आणि जेराल्ड अ‍ॅशक्रॉफ्ट नावाचा तरुण सागरी बालवीर यांच्यासह त्यांनी रॅम्सगेट सोडले. वाटेत ‘वेस्टर्ली’ नावाच्या पेटलेल्या मोटर क्रूझरवरील माणसे त्यांनी उचलून घेतली. एकवीसहून अधिक माणसे जिच्यावर पूर्वी कधी चढली नव्हती, त्या ‘सनडाउनर’मध्ये त्यांनी डंकर्कला सुमारे 130 जण भरले. आधी खालचे खण भरून वजन शक्य तितके तळाशी ठेवले, मग वरची फळी भरली, आणि नौका डळमळू लागल्याचे पायांना जाणवताच भरती थांबविली. विमाने झेपावत तेव्हा सुकाणू नेमके कोणत्या क्षणी फिरवावे हे त्यांना धाकट्या मुलाच्या बोलण्यातून कळले होते. तो वैमानिक मुलगा युद्धाच्या अगदी प्रारंभीच, विल्हेल्म्सहाफेनवरील हल्ल्यात मारला गेला होता.

सर्व माणसे रॅम्सगेटला सुखरूप उतरली. युद्धानंतर लाइटोलरांनी थेम्सकाठी, लंडनच्या पश्चिमेस, नौका बांधण्याचा लहानसा कारखाना चालविला, आणि नदीवरील पोलिसांसाठी मोटर लाँचेस बांधून दिल्या.