सुबाभळीचे विष आणि कोठीपोटातील जंतू

पुण्याच्या टेकड्यांवर, महामार्गांच्या कडेला, मोकळ्या गायरानात कोठेही सहज उगवून येणारी सुबाभूळ शहरी माणसाला फारशी कौतुकाची वाटत नाही. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना मात्र तिचे महत्त्व नीट ठाऊक असते. कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात ती २० ते २५ टक्क्यांपर्यंत भरतात. सरकीच्या पेंडीसाठी पैसे मोजणाऱ्याला हा पाला जवळजवळ फुकट मिळतो. तरीही 'सुबाभूळ जास्त घातली की जनावराचे केस गळतात, गाभण जनावराला बाधते' ही भीती गोठ्यागोठ्यांतून ऐकू येते. ही भीती निराधार नाही; परंतु ती सर्वत्र सारखी खरीही नाही. एकच पाला एका देशातील गाईला आजारी पाडतो आणि दुसऱ्या देशातील गाय त्यावर वर्षानुवर्षे पोसली जाते, असे का, या प्रश्नाचा माग घेताना पशुपोषणशास्त्राला एक नवा जंतू सापडला. त्या जंतूचा बराच गाजावाजा झाला आणि पुढे त्याचे श्रेय काहीसे कमीही करावे लागले.

सुबाभूळ मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. स्पॅनिश गलबतांबरोबर ती फिलिपिन्समध्ये पोहोचली आणि तेथून उष्ण कटिबंधात सर्वदूर पसरली. फिलिपिन्समध्ये तिला 'इपिल-इपिल', इंडोनेशियात 'लामतोरो', तर हवाई बेटांवर 'कोआ हाओले' म्हणतात. हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी तिचे झपाट्याने उंच वाढणारे वाण निवडले. त्यांतील 'के-८' हा वाण जगभर गेला. महाराष्ट्रात हे वाण आणण्यात व रुजविण्यात उरुळी कांचन येथील 'बायफ' या संस्थेचा मोठा वाटा आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ही संस्था स्थापन केली. गावठी गाईंपासून संकरित गाई निपजविण्याचा कार्यक्रम तिने हाती घेतला, तेव्हा या जास्त दूध देणाऱ्या गाईंना कोरडवाहू मुलखात हिरवा चारा आणायचा कोठून, हा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते. पावसाळा संपल्यावरही हिरवे राहणारे, खोल मुळांचे हे झाड त्यावरचा उपाय ठरले. काही भागांत या जातीच्या झाडाला पूर्वी 'कुबाभूळ' म्हणत. प्रसाराच्या काळात 'कु' गेला आणि 'सु' आला. नावातला हा बदल जाहिरातीच्या दृष्टीने चतुराईचा होता, यात शंका नाही.

नाव बदलले तरी पाल्यातले रसायन बदलणार नव्हते. त्या रसायनाचे नाव मिमोसिन. हे एक अमिनो आम्ल असून १९३० च्या दशकात ते प्रथम लाजाळूच्या झाडातून वेगळे काढण्यात आले. लाजाळूच्या 'मिमोसा' या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. सुबाभळीच्या कोवळ्या शेंड्यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. वेगाने विभागणाऱ्या पेशींची वाढ ते रोखून धरते आणि केसांच्या मुळाशी अशाच पेशी असतात. त्यामुळे सुबाभूळ खाणाऱ्या घोड्यांची आयाळ व शेपटी झडते, डुकरे व सशांचेही केस जातात. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात हेगार्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय नसलेल्या मेंढ्यांना हा पाला खाऊ घातला, तेव्हा त्यांची लोकर सुटून आली. मेंढी कातरण्याऐवजी तिला मिमोसिन देऊन लोकर उतरविता येईल काय, याचेही प्रयोग पुढे झाले. लोकरीच्या देशात असा विचार कुणाच्या मनात न येता तरच नवल.

गाय, म्हैस, शेळी यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांत गोष्ट थोडी पुढे जाते. त्यांच्या जठराचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटर वा त्याहून अधिक ऐवज मावतो आणि हवाविरहित अवस्थेत असंख्य सूक्ष्मजीव तेथे चारा आंबवीत असतात. काड्याकुड्यांपासून दूध आणि मांस तयार होते, ते या जंतूंच्या जोरावर. सुबाभळीचा पाला तेथे पोहोचला की जंतू मिमोसिनचे विघटन करतात. केसांचे संकट त्यामुळे बरेचसे टळते. पण विघटनातून एक दुसरा पदार्थ निर्माण होतो. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला 'डीएचपी' म्हणतात. १९७० च्या दशकात हेगार्टी यांच्याच गटाने दाखवून दिले, की डीएचपी गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. ग्रंथीला आयोडीन मिळते, पण ते वापरून थायरॉक्सिन हे संप्रेरक तिला तयार करता येत नाही. म्हणूनच या गलगंडावर आयोडीनयुक्त मीठ देऊन भागत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात याची प्रत्यक्ष प्रचिती येत होती. तेथील 'सीएसआयआरओ' या राष्ट्रीय संशोधन संस्थेने सुबाभळीचा 'कनिंगहॅम' हा वाण १९७६ मध्ये प्रसृत केला होता. नव्या कुरणांवर सुरुवातीला जनावरे चांगली भरत. काही महिन्यांनी मात्र लाळ गळणे, चारा नकोसा होणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसू लागत. रक्तातील थायरॉक्सिन खाली गेलेले असे. गाभण गाईंची वासरे गळ्याला गाठ घेऊन जन्मत वा अशक्त निपजत. जगातील उत्तम प्रथिनयुक्त चाऱ्यांपैकी एक हाताशी असूनही पशुपालकाला तो जपून, मोजून द्यावा लागे.

हवाईतील शेळ्यांचे कोडे

याच संस्थेच्या टाउन्सव्हिल येथील प्रयोगशाळेत काम करणारे रेमंड जोन्स यांना एक विसंगती खटकत होती. हवाईत गुरे व शेळ्या सुबाभूळ मनसोक्त खात आणि त्यांना काहीच होत नसे. पाल्यात फरक असावा, अशी शंका स्वाभाविक होती. पण हवाईतल्या पाल्यातही मिमोसिन भरपूर होते. मग फरक जनावरात, किंवा जनावराच्या पोटात असला पाहिजे. जोन्स यांनी हवाईत जाऊन शेळ्यांना निव्वळ सुबाभूळ खाऊ घातली आणि त्यांचे मूत्र तपासले. ऑस्ट्रेलियन जनावरांच्या मूत्रात डीएचपी मोठ्या प्रमाणावर उतरत असे. या शेळ्यांच्या मूत्रात ते जवळपास नव्हते. म्हणजे ते कोठीपोटातच नष्ट होत असावे. १९८१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा शोधनिबंधाला शीर्षकच प्रश्नार्थक दिले होते. पुरावा हाती असतानाही दाखविलेला हा संयम पुढील घडामोडी पाहता शहाणपणाचा ठरला.

पुढची पायरी धाडसाची होती. इंडोनेशियातील एका शेळीच्या कोठीपोटातील द्रव ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही डीएचपी पचविता येऊ लागले, हे जोन्स व लोरी यांनी १९८४ मध्ये दाखविले. मेगॅरिटी यांच्यासमवेत जोन्स यांनी हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातील जंतूंचे मिश्रण प्रयोगशाळेत वाढवून ऑस्ट्रेलियातील जनावरांत यशस्वीपणे रुजविले. परदेशी जनावरांच्या रोगांबाबत ऑस्ट्रेलियाचे विलग्नवासाचे नियम किती कडक आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना येते. ज्या गाईंच्या पोटात जंतू गेले, त्यांच्यातील विषबाधेची लक्षणे ओसरली आणि वजनवाढ सुधारली. कळपातील प्रत्येक गाईला डोस द्यावा लागत नसे. दोन-चार जनावरांना दिला, की एकाच कुरणावर चरणाऱ्या व एकाच ठिकाणी पाणी पिणाऱ्या इतरांतही जंतू पसरत.

यांतला नेमका कर्ता कोण, हे शोधण्यास आणखी काही वर्षे लागली. अमेरिकेतील आयोवा राज्यात एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्राचे मिल्टन अ‍ॅलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंतूला मिश्रणातून वेगळे केले आणि १९९२ मध्ये त्याचे 'सिनर्जिस्टिस जोन्साय' असे नामकरण केले. जातिनामात जोन्स यांचा गौरव आहे. जंतू मोठा विक्षिप्त निघाला. कोठीपोटातील इतर जंतू शर्करेवर जगतात. याला शर्करा चालत नाही. आर्जिनिन व हिस्टिडिन ही अमिनो आम्ले आणि स्वतः डीएचपी, एवढाच त्याचा आहार. गाईला जे विष, ते याचे अन्न. क्वीन्सलँडच्या शासकीय पशुसंशोधन केंद्राने मोठ्या पात्रांत हे जंतुमिश्रण वाढवून गोठविलेल्या स्वरूपात पशुपालकांना विकण्यास आरंभ केला आणि सुबाभळीची कुरणे तेथे निर्धास्तपणे वाढू लागली. एका खंडातील पोटातून दुसऱ्या खंडातील पोटात जंतू नेऊन रोग हटविल्याचे उदाहरण म्हणून ही कथा पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

दुसरा अध्याय

कथा येथे संपली असती तर सोयीचे झाले असते. २००४ च्या सुमारास क्वीन्सलँडमधील सुबाभूळ चरणाऱ्या कळपांच्या मूत्राची व्यापक तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्या कळपांत डीएचपी पुन्हा चढलेले आढळले. त्यांत जंतूचा डोस दिलेले कळपही होते. दुष्काळात सुबाभूळ खाणे थांबले की अन्नाअभावी जंतू नाहीसे होत असावेत, असा तर्क आधी मांडला गेला. दरम्यान डीएनए तपासणीची तंत्रे सूक्ष्म झाली. त्यांतून वेगळेच चित्र दिसले : ज्यांना कधीही डोस दिला नव्हता, अशा निरनिराळ्या देशांतील जनावरांच्या कोठीपोटातही या जंतूचे प्रकार अत्यल्प संख्येने वास करून होते. तो हवाईचा पाहुणा नव्हता. बहुधा सर्वत्र होताच.

मोठा धक्का इंडोनेशियाने दिला. पश्चिम तिमोरमधील अमारासी भागात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सुबाभूळ लावली जाते आणि बांधून ठेवलेल्या बैलांना मुख्यतः तिच्यावरच पोसून बाजारात पाठविले जाते. पूर्व इंडोनेशियातील अशा जनावरांच्या मूत्रात डीएचपी भरपूर सापडले. जोन्स यांच्या सिद्धांतानुसार ही जनावरे आजारी असावयास हवी होती. ती मात्र धष्टपुष्ट होती. नव्याने या चाऱ्यावर आलेल्या जनावरांत पहिले काही आठवडे लाळ गळणे, केस जाणे असे प्रकार दिसत आणि मग ती आपोआप सावरत. क्वीन्सलँड विद्यापीठातील मॅक्स शेल्टन, मायकेल हॅलिडे आदी संशोधकांनी बारकाईने पृथक्करण केले, तेव्हा मूत्रातील बहुतांश डीएचपी मोकळे नसून दुसऱ्या एका रेणूशी जखडलेले निघाले. हे काम यकृताचे. अनेक विषारी द्रव्ये यकृत अशाच प्रकारे बांधून, निरुपद्रवी करून बाहेर टाकते. जुन्या चाचण्यांत जखडलेले आणि मोकळे डीएचपी एकत्रच मोजले जात असल्याने आकडा मोठा दिसे आणि घबराट होई. या आधारावर शेल्टन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नवी मांडणी केली : संरक्षणाचा मुख्य भार यकृत उचलते आणि जंतूचा वाटा आजवर मानला गेला त्यापेक्षा लहान आहे. जंतू निरुपयोगी आहे, असे यातून सिद्ध होत नाही. डोस दिल्यावर क्वीन्सलँडमधील गुरे सुधारली, हे वास्तव आहेच. त्या सुधारण्यात जंतूचे श्रेय किती आणि दरम्यान सरावलेल्या यकृताचे किती, एवढाच वाद उरतो.

आपल्याकडील शेळीपालकाला या वादातून घेण्यासारखे बरेच आहे. जनावराला सरावासाठी काही आठवडे लागतात, हा दोन्ही मतांतील समान धागा. म्हणून सवय नसलेल्या जनावरापुढे एकदम भारा टाकू नये. थोडथोडा पाला वाढवीत न्यावा. एकूण चाऱ्यात सुबाभळीचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवावा आणि उरलेला भाग कडबा, गवत यांचा असावा, ही जुनी शिफारस आजही सुरक्षित आहे. गाभण जनावरांबाबत अधिक जपावे. कारण थायरॉईडची कमतरता पोटातील पिलाला लवकर भोवते. पाला चिरून ओलसर ठेवला की पानातीलच विकर मिमोसिनचे डीएचपी बनविते. केस गळण्याचा धोका त्याने घटतो, थायरॉईडचा राहतो. तेव्हा 'चिरून घातले, आता काळजी नाही' हा समज अर्धाच खरा म्हणावा लागेल.

ज्यांना कोठीपोटच नाही, त्यांची गोष्ट निराळी आहे. घोडे, डुकरे व ससे यांना सुबाभळीपासून दूर ठेवणेच बरे. कोंबड्यांच्या खाद्यात वाळलेल्या पाल्याची भुकटी वापरतात, कारण त्यातील रंगद्रव्यांमुळे अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. मात्र ती सुमारे पाच टक्क्यांच्या वर गेली, की वाढ खुंटते आणि अंडीही घटतात.