अपंग समानता कर्तव्य (ब्रिटनमधील स्थानिक परिषदांचे)

ब्रिटनमधील नगर, जिल्हा व परगणा परिषदांवर कायद्याने सोपवलेली जबाबदारी. अपंग व्यक्तींबाबतचा भेदभाव दूर करणे, त्यांना समान संधी देणे आणि प्रत्येक निर्णयात त्यांच्या गरजांचा आधीच विचार करणे, हा तिचा आशय आहे. पदपथ, सार्वजनिक घरे, ग्रंथालये, प्रौढांची सामाजिक देखभाल या सेवा परिषदांकडे असल्याने अपंग व्यक्तीचे रोजचे जगणे संसदेइतकेच परिषदेच्या सभागृहावरही अवलंबून असते.

पूर्वपीठिका : ही जबाबदारी चळवळींतून घडत गेली. 1920 मध्ये अंध कामगारांनी न्यूपोर्ट, मँचेस्टर व लीड्स येथून लंडनपर्यंत पदयात्रा काढली. त्याच वर्षी झालेल्या अंध व्यक्ती अधिनियमाने अंधांच्या कल्याणाची तरतूद करणे परिषदांना बंधनकारक केले. खासदार आल्फ मॉरिस यांच्या खाजगी विधेयकातून 1970 चा दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्ती अधिनियम आला. आपल्या हद्दीतील अपंगांची माहिती मिळवणे, घरात आवश्यक बदल करून देणे, सार्वजनिक इमारतींत प्रवेशाची व शौचालयाची सोय पाहणे ही कामे त्याने नेमून दिली.

वैचारिक पाया : 1976 मध्ये अपंगांच्याच एका संघटनेने अशी भूमिका मांडली, की शारीरिक उणीव माणसाला अपंग करत नाही, पायऱ्या, बंद दारे आणि वगळणारी व्यवस्था त्याला अपंग करतात. समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी 1983 मध्ये या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ असे नाव दिले. त्यामुळे मदतीच्या जागी हक्काची भाषा आली आणि अडथळे हटवण्याचा भार व्यवस्थेवर आला.

कायदेशीर स्वरूप : 1995 च्या अपंगत्व भेदभाव अधिनियमाने भेदभाव झाल्यावर दाद मागण्याचा मार्ग दिला, पण लढण्याचा भार पीडितावरच राहिला. 2005 च्या दुरुस्तीने ही दिशा बदलली. डिसेंबर 2006 पासून सार्वजनिक संस्थांनी स्वतःहून समानता वाढवणे बंधनकारक झाले. परिषदांना अपंग व्यक्तींना सामील करून घेऊन समानता आराखडा तयार करावा लागे. पुढे 2010 च्या समानता अधिनियमातील कलम 149 ने वंश, लिंग, वय इत्यादींसह एकत्रित कर्तव्य घालून दिले. ते एप्रिल 2011 पासून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये लागू आहे. याच अधिनियमानुसार वाजवी फेरबदल करावे लागतात : ब्रेल किंवा सोप्या भाषेतील कागदपत्रे, सांकेतिक भाषेचे दुभाषी, उतार. त्यांचा खर्च अपंग व्यक्तीकडून वसूल करता येत नाही.

न्यायालयीन निर्णय : लंडनमधील हॅरो परिषदेने सामाजिक देखभाल केवळ अतिगंभीर गरज असलेल्यांपुरती मर्यादित केली होती. 2007 मध्ये न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला, कारण नगरसेवकांपुढील अहवालात अपंग समानता कर्तव्याकडे त्यांचे पुरेसे लक्ष वेधलेच नव्हते. बर्मिंगहॅम परिषदेचा तसाच निर्णय 2011 मध्ये रद्द झाला.

हॅमरस्मिथ व फुलहॅमचा प्रयोग : लंडनमधील या परिषदेने 2015 मध्ये घरपोच देखभालीचे शुल्क रद्द केले. नंतर तिने अपंग सदस्यांचाच आयोग नेमला. पॅरालिंपिक जलतरणपटू टारा फ्लड त्याच्या अध्यक्ष होत्या. धोरण ठरल्यावर मत विचारण्याऐवजी ते अपंग रहिवाशांसोबत बसूनच आखावे, ही आयोगाची मुख्य शिफारस परिषदेने स्वीकारली.

मर्यादा व मूल्यमापन : हे कर्तव्य यथोचित विचार करण्याचे आहे, विशिष्ट निष्पत्तीची हमी ते देत नाही. विचार केल्याची नोंद ठेवून सेवा कमी करणारी परिषदही कायद्याच्या कसोटीला उतरू शकते. 2010 नंतर केंद्रीय अनुदाने घटली, तेव्हा सामाजिक देखभालीला मोठी झळ बसली. इंग्लंडमध्ये 2011 च्या नियमांनी आराखड्याची आणि त्यातील सहभागाची सक्तीही काढली. दरवर्षी कर्तव्यपालनाची माहिती प्रसिद्ध करणे आणि निदान चार वर्षांतून एकदा समानतेची उद्दिष्टे जाहीर करणे एवढेच बंधन उरले. तरीही या कर्तव्याचे मोल मोठे आहे. अपंग नागरिकाला विसरून घेतलेला निर्णय त्यामुळे न्यायालयात टिकत नाही. मात्र त्याची खरी ताकद दिसते ती अंदाजपत्रकात तरतूद असते आणि ते ठरवणाऱ्यांत अपंग व्यक्तीही असतात तेव्हाच.