पाणथळांची हजेरी

आमच्या कोपरगावच्या शिवारात 'पाणथळ' हा शब्द चांगल्या अर्थाने कोणी वापरीत नसे. अमक्याचा मळा पाणथळ झाला म्हणजे त्याचे वाटोळे झाले, एवढाच त्याचा अर्थ. आज त्याच नावाच्या जागा देशभर जपावयाच्या म्हणून ठरतात आणि त्यांची प्रकृती तपासण्याच्या योजना दिल्लीत आखल्या जातात, हे ऐकून एखाद्या जुन्या बागाईतदाराला हसूच यावे. शब्दाचा हा उलटा प्रवास पाहण्यासाठी लांब जावयास नको. तो आपल्याच पाटाच्या कडेने झाला आहे.

1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले, तेव्हा सरकारला कालव्यांची निकड पटली. 1901 मध्ये पाटबंधारे कमिशन नेमले गेले. पुढच्या काही वर्षांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी, नांदूर-मध्यमेश्वरला बंधारा उभा राहिला, वर दारणेवर धरण झाले, आणि डावा व उजवा असे दोन कालवे आपल्या मुलखात आले. पाटाबरोबर ऊस आला, उसामागून कारखाने आले आणि कारखान्यांमागून आमच्यासारखे चळवळे आले. पण काळ्या जमिनीला बारमाही पाणी पाजल्याचा हिशेब वेगळाच निघाला. जमिनीखालचे पाणी वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि चांगली राने चोपण होऊन बसली. नीरेच्या कालव्यावरही हेच घडले. 1916 साली मुंबई इलाख्याने कालव्यांच्या या दुखण्यासाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. तेव्हा पाणथळ जमिनींची जी पद्धतशीर पाहणी झाली, ती चर खणून त्या जमिनी कोरड्या करण्यासाठी होती.

इकडे हे चालले असता बंधाऱ्याच्या मागे निराळीच गोष्ट घडत होती. दोन नद्यांनी आणलेला गाळ तेथे साचू लागला. उथळ पाणी, मधूनमधून गाळाची बेटे, कडेने लव्हाळे. इंजिनियराच्या वहीत हा निव्वळ तोटा, कारण जितका गाळ तितका साठा कमी. पण बदकांना, करकोच्यांना, चिखलात चोच खुपसणाऱ्या पाखरांना असेच पाणी हवे असते. पक्षिमित्र त्या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणू लागले. 1986 मध्ये तेथे अभयारण्य झाले. 2019 मध्ये रामसर कराराच्या यादीत ती जागा गेली आणि असा मान मिळालेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणथळ ठरले. क्षेत्र सुमारे 1,437 हेक्टर. नोंदलेल्या जीवजाती 536. त्यांत देवळालीचे नाव लावणारी, आज नामशेष होण्याच्या काठावर असलेली एक चिमुकली मासळीही आहे. रामसर हे इराणमधील गाव. तेथे 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला व 1982 मध्ये भारत त्यात सामील झाला.

नुसत्या मानाने प्रकृती समजत नाही. त्यासाठी मोजणी हवी, आणि मोजणीची पहिली अडचण ही की मोजावयाचे काय? अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने 1992-93 च्या उपग्रहचित्रांवरून देशातील पाणथळांची पहिली यादी केली. पुढे 2006-07 च्या चित्रांवरून केलेला नकाशासंग्रह 2011 मध्ये निघाला. त्यात 7,57,060 पाणथळे आली. त्यांतील 2,01,503 सव्वादोन हेक्टरांहून मोठी. बाकीची 5,55,557 त्याहून लहान. सव्वादोनच का? नकाशाचे प्रमाण पन्नास हजारास एक. त्यावर तीन मिलिमीटर लांबरुंद चौकोन म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर लांबरुंद जागा, आणि तेवढेच सव्वादोन हेक्टर होतात. त्याहून लहान जागेचा आकार काढता येत नाही, म्हणून नुसता ठिपका द्यावयाचा. चारांतली जवळजवळ तीन पाणथळे अशी ठिपक्यांत गेली. 2023 मध्ये जलस्रोतांची जी वेगळी गणना प्रसिद्ध झाली, तिने 24,24,540 चा आकडा दिला. त्यात महाराष्ट्राचे 97,062. दोन्ही आकडे सरकारचे. व्याख्या बदलली की संख्या बदलते.

हा धडा आम्ही पुस्तकात वाचण्याआधी कारखान्याच्या दारात शिकलो. एका कारखान्यात आम्ही कामगारांच्या मिळकतीची पाहणी केली. हजेरीपट घेतला, नावे उतरली, सरासरी काढली आणि सभेत मोठ्या ऐटीने वाचून दाखविली. मागे बसलेला एक हंगामी गडी उठून म्हणाला, "दादा, यात आम्ही कुठं हाय?" तो नव्हता. कंत्राटी नव्हते, तोडणीवाले तर नव्हतेच. पटावर असलेल्यांचीच आम्ही सरासरी काढली होती आणि पटावर असलेले बरे चालले होते. ती पाहणी आम्ही पुन्हा केली. त्यात एक हंगाम गेला.

म्हणूनच अमेरिकेने 2011 मध्ये केलेल्या पाहणीची आखणी आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. त्यांनी ठरविले की सगळ्या जागा पाहणे अशक्य आहे, आणि नावाजलेल्या तेवढ्याच पाहणे खोटेपणाचे आहे. मग चिठ्ठ्या टाकाव्या तशा अकराशेवर जागा निवडल्या. जेथे चिठ्ठी निघेल तेथे चारेक माणसांच्या तुकडीने दिवसभर राहावयाचे, झाडोरा नोंदवावयाचा, मातीत खड्डा घ्यावयाचा, पाणी अडले की वळविले ते पाहावयाचे. भर झाडोऱ्यावर, कारण पाखरू उडून जाते, गवत जागच्या जागी साक्ष देते. निघालेला निष्कर्ष असा की त्यांच्या पाणथळांपैकी जेमतेम निम्म्या क्षेत्राची प्रकृती चांगली होती. ही पाहणी त्यांनी 2016 व 2021 मध्ये पुन्हा केली. एकदाच घेतलेली नाडी काही सांगत नाही.

आपल्याकडे पाणथळांना आरोग्यपत्रिका देण्याचे काम केंद्र सरकारने हाती घेतले. 2021 च्या नकाशासंग्रहात मोठ्या पाणथळांची संख्या 2,31,195 झाली होती. त्यांची जागेवर जाऊन पडताळणी तीन महिन्यांत पुरी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2024 रोजी राज्यांना बजावले. जागेवर जाणे हाच खरा भाग. पण 2017 च्या नियमांत एक गमतीची गोष्ट आहे. नदीचे पात्र, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी आणि खास सिंचनासाठी केलेली बांधकामे ही त्या नियमांतील पाणथळाच्या व्याख्येतून वगळली आहेत. नांदूर-मध्यमेश्वर मुळात सिंचनाचेच काम. अभयारण्य आणि रामसर या दोन छत्र्यांखाली ते निभावले. मग आपल्या तालुक्यातील पाझर तलाव, पाटाच्या झिरप्याने भरणारे डबके, ओढ्यातील डोह यांना कोणती छत्री? नियमात नाही म्हणून ती पाहणीतही नाहीत, असे झाले तर तो हंगामी गडी पुन्हा मागे उभाच राहील.

आणि प्रकृती चांगली म्हणावयाची ती कोणाच्या दृष्टीने, हेही आधी ठरवावे लागेल. गाळ काढा म्हणणारा शेतकरी चुकत नाही. बेटे राहू द्या म्हणणारा पक्षिमित्रही चुकत नाही. जाळे टाकणाऱ्या भोयाला आजवर कोणी विचारलेच नाही. पाण्याची हिरवी पाने फार माजली की मासा कमी होतो, हे त्याला आरोग्यपत्रिकेआधी कळते. आखणीच्या बैठकीत त्याला खुर्ची द्यावी, एवढी आमची मागणी आहे, आणि दिवस मोडल्याची मजुरीही.

आपल्या तालुक्यापुरते आम्ही कागदावर मांडून पाहिले आहे. तलाठ्याकडून गटवार यादी, मोठ्या व लहान जागांच्या चिठ्ठ्या निरनिराळ्या डब्यांत, म्हणजे लहानांची पाळी चुकणार नाही. पाखरांची मोजणी जानेवारीत, कारण आशियाभर पाणपक्ष्यांची गणना 1987 पासून त्याच महिन्यात होत आली आहे. झाडोरा पावसाळा सरल्यावर. पाणी मात्र दोनदा घ्यावे लागेल, गळीत हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि तो ऐन भरात असताना एकदा, त्याच जागेवर, त्याच काठावरून.